सईबाईंच्या कोलूवरचा कॅप्टन

रविकांत गद्रेला ‘नाही’ म्हणता येत नसे. या एका गुणापायी बँकेने त्याची नाशिकहून थेट चेन्नईला बदली केली, आणि मैलापूरच्या भाड्याच्या घरात चार महिने होतात न होतात तोच, याच गुणापायी त्याने घरातलं कासव देऊन टाकलं.

त्याचं असं झालं. वरच्या मजल्यावर घरमालकीण सईबाई राहत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ. अमावास्येच्या सकाळी त्या जिना उतरून खाली आल्या. दुसऱ्या दिवसापासून नवरात्र, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडायचा तो हाच दिवस.

“आमचे दशावतारांतलें कासव फुटलें हो,” त्या म्हणाल्या. “मत्स्य आहे, वराह आहे, मध्यें रिकामें. बरें दिसत नाही.”

रविकांतची नजर टीव्हीच्या कपाटाकडे गेली. तिथे कॅप्टन शेल उभा होता. चार बोटं उंचीचं, हिरव्या प्लास्टिकचं, दोन पायांवर उभं राहिलेलं कासव. डोक्यावर शिरस्त्राण, हातात त्रिशूळ. व्हिडिओ गेमच्या तबकडीवर त्याला ठेवलं, की तो टीव्हीच्या पडद्यावर अवतरायचा.

“हे चालेल का मावशी?” रविकांत बोलून गेला.

सईबाईंनी चष्मा सावरून कासव निरखलं. “आयुध आहे. किरीट आहे. बेस आहे,” त्या म्हणाल्या आणि कॅप्टनला पदराखाली घेऊन वर गेल्या.

रविकांतला यात काही वावगं वाटलं नाही. नाशिकला चैत्रगौरीच्या आरासीसाठी त्याची आई शेजारपाजारची खेळणी मागून आणायची आणि हळदीकुंकू आटोपलं की परत करायची. कोलूचंही तसंच असणार, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

संध्याकाळी ऊर्मी आजूबाजूला शोधत फिरू लागली. ऊर्मी त्याची लेक, वय अकरा. “बाबा, कॅप्टन कुठेय?”

“आहे गं. वरच्या आजींकडे पाहुणा गेलाय. कशाला हवाय?”

“शनिवारी वाणी आणि निधी येणारेत. आपल्याकडे गेम खेळायला.”

रविकांत आणि सुनीती या नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. चेन्नईला येताना ऊर्मीने एक करार करून घेतला होता. दिवाळीपर्यंत इथे एकही मैत्रीण झाली नाही, तर तिला नाशिकला काकूकडे पाठवायचं. होईल की एखादी, या भरवशावर दोघांनी मान डोलावली होती. जून गेला, जुलै गेला, पोर शाळेतून यायची ती गप्पच. हिला खरंच पाठवावं लागलं तर, या विचाराने रविकांतला अलीकडे घास गोड लागत नव्हता. आणि आता एक सोडून दोन मैत्रिणी घरी येणार होत्या.

“मी त्यांना पाण्याखालचा किल्ला दाखवणार म्हणून सांगितलंय,” ऊर्मी म्हणाली. “त्याचं दार फक्त समुद्रातला प्राणी उघडतो. आपल्याकडे समुद्रातला तेवढा एकच आहे. आणि त्याची अडतिसावी लेव्हल त्याच्या पायाखालच्या चिपमध्ये आहे.”

ती अडतिसावी लेव्हल काय चीज आहे हे रविकांतला सांगायची गरज नव्हती. खेळणी ऊर्मीच्या नावाने यायची, पण दोन वर्षं रविवारच्या रविवार कॅप्टनला वाढवलं होतं ते बापानेच. “उद्या आणतो,” तो म्हणाला.

सोमवारी बँकेतून आल्याआल्या तो वर गेला. सात पायऱ्यांवर पांढरंशुभ्र कापड अंथरलं होतं. तिसऱ्या पायरीवर मत्स्य आणि वराह यांच्या मधोमध कॅप्टन शेल उभा होता. कपाळाला गंध, कमरेला जरीचं चिमुकलं सोवळं, गळ्यात मोगऱ्याचा एक वेढा. चिपमध्ये गंध तर गेलं नसेल ना, हा विचार आधी मनात आला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

“मावशी, ते कासव जरा... म्हणजे तुमचं दर्शन वगैरे झालं असेल, तर...”

“अय्यो,” सईबाई म्हणाल्या. “कोलूवर ठेविलेलें बोम्मै विजयादशमीपर्यंत हलवूं नये. त्या राती एका बाहुलीस निजवायचें, मग दुसरे दिवशीं सगळीं पेटींत. तुम्हांकडे नाही का हें?”

“आमच्याकडे संध्याकाळी परत करतात,” रविकांत पुटपुटला.

“देवास बसा म्हणायचें आणि संध्याकाळीं ऊठ म्हणायचें?” सईबाईंना खरोखर नवल वाटलं. “हें घ्या, सुंडल खा.”

पानाच्या द्रोणातले खवलेलं खोबरं घातलेले हरभरे खात रविकांत खाली आला.

“आणलंस?” सुनीतीने विचारलं.

“सुंडल आणलं.”

दुसरा कॅप्टन विकत मिळेना. ती खेळणी काढणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. मग रविकांतला युक्ती सुचली. सईबाईंना मातीचं खरंखुरं कूर्म आणून दिलं, तर त्या आपण होऊनच प्लास्टिकचं परत करतील. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो देवळाजवळच्या माडवीथीत गेला. फुटपाथभर बाहुल्या मांडल्या होत्या. पण सुटं कूर्म द्यायला एकही विक्रेता तयार होईना.

“एक अवतार नेला, तर बाकीच्या नवांचं मी काय करू, सार?” एकीने तमिळमध्ये विचारलं. रविकांतला तमिळ अर्धवटच कळत होतं, पण मुद्दा त्याला पुरता पटला. त्याने अख्खे दहा घेतले.

सईबाई दहाही अवतार पाहून गहिवरल्या. “नव्या घरीं आल्या आल्या इतकें. सुखी राहा,” असं म्हणून त्यांनी सगळा संच चौथ्या पायरीवर ओळीने मांडून टाकला.

“तर आता ते तिसरीवरचं...” रविकांतने सुरुवात केली.

“तें कशास काढायचें? नवें येतें म्हणून जुन्यास कोणी घालवितें काय?”

आता कोलूवर दोन दशावतार झाले. त्यांत मातीचं कूर्म होतं आणि कॅप्टन शेलही होता, आणि दोघांनाही विजयादशमीपर्यंत हलवायचं नव्हतं.

“तू आता तिथे जाऊच नकोस,” सुनीती म्हणाली. “पुन्हा काहीतरी घेऊन जाशील आणि आपलं अर्धं घर वर जाईल.”

पण गुरुवारी रविकांतने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी सईबाई आतल्या खोलीत घटकाभर पडतात आणि दार उघडंच असतं, हे त्याला ठाऊक होतं. कॅप्टनला फक्त दोन तास खाली न्यायचं, ऊर्मीला किल्ल्याचं दार उघडून द्यायचं, खेळ तिथेच जपून ठेवायचा आणि पुन्हा जागेवर आणून उभं करायचं. त्याने चपला हातात घेतल्या, पायऱ्यांपाशी गेला, हात पुढे केला आणि मागून आवाज आला, “वाङ्गो, वाङ्गो.”

दारात शेजारच्या श्रीविद्या मामी उभ्या होत्या आणि बरोबरच्या चौघीजणींना ‘या, या’ म्हणून आत बोलावत होत्या. सगळ्या कोलू पाहायला आलेल्या. पुढे केलेला हात रविकांतने तसाच दुसऱ्या हाताला जोडला. चपलांसकट.

“भक्तिमान माणूस,” श्रीविद्या मामी इतरांना म्हणाल्या. “पहिला आलाय. म्हणजे पहिलं गाणं त्याचं.”

कोलूसमोर आलेल्याने गायचं, हा तिथला रिवाज. रविकांत बाथरूममध्येसुद्धा गात नसे. पण ‘नाही’ कसं म्हणायचं हे त्याला तेव्हाही आठवलं नाही. त्याने शाळेतली प्रार्थना म्हटली. दुसरं कडवं आठवेना म्हणून पहिलंच तीनदा म्हटलं. मामींनी मांडीवर ताल धरला, सईबाई उठून बाहेर आल्या, आणि रविकांत पुन्हा सुंडल घेऊन खाली आला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने ऊर्मीला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. चुकलं माझं, म्हणाला. ऊर्मीचे डोळे भरले. रागवेल, पाय आपटेल असं त्याला वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, “मग त्यांना येऊ नका सांगते,” आणि तेच त्याला फार लागलं.

थोड्या वेळाने ती घरात नव्हती. रविकांत धावत वर गेला, तर ऊर्मी सईबाईंसमोर मांडी घालून बसली होती आणि तबकडी दोघींच्या मध्ये होती.

“म्हणजे हा ह्यावर बसतो, तेव्हां तिकडे चालतो?” सईबाई विचारत होत्या.

“हो. तबकडी म्हणजे त्याची बसायची जागा.”

सईबाईंनी बराच विचार केला. “बाळे, मूर्ति हलवूं नये हें खरें. पण तिच्याखालीं आसन घालूं नये असें मला कोणी सांगितलें नाही. माझे सासूने सांगितलें नाही, तिचे सासूने तिला सांगितलें नसेल.”

कॅप्टनच्या पायाखाली आधी पोस्टकार्ड सरकलं, मग त्याखाली तबकडी आली. सईबाईंनी हे स्वतः केलं, श्वास रोखून. कॅप्टन पायरीवरून एक तसूभरही इकडेतिकडे झाला नाही, फक्त बोटभर उंच झाला. तबकडीची वायर जरीच्या कापडाखालून खेळाच्या यंत्रापर्यंत गेली आणि यंत्र सईबाईंच्या टीव्हीला जोडलं गेलं.

शनिवारी वाणी आणि निधी आल्या त्या थेट वरच्या मजल्यावरच. तबकडी निळी उजळली आणि कॅप्टन पडद्यावर उतरला, गंधाशिवाय. किल्ल्याचं दार उघडलं तेव्हा कोलूला आलेल्या श्रीविद्या मामींनी हात जोडले. मग सईबाईंनी विचारलं, “हातांत धरायचें दुसरें यंत्र रिकामें आहे काय?” आणि त्या खेळायला बसल्या. त्या सारख्या खंदकात पडत होत्या, आणि तिन्ही पोरी त्यांना तीन भाषांतून वर काढत होत्या. रविकांत दाराशी उभा होता. ऊर्मीचा एवढ्या मोठ्याने हसण्याचा आवाज त्याने चार महिन्यांत ऐकला नव्हता. त्याला तिथे उभं राहवेना, म्हणून तो उगाच पाणी प्यायला गेला.

रविवारी पोरी पुन्हा आल्या. सोमवारी आल्या, मंगळवारी आल्या. बुधवारी विजयादशमी झाली. गुरुवारी रविकांत बँकेतून जवळजवळ पळतच आला. त्याने टीव्हीच्या कपाटावरची कॅप्टनची जागा पुसली आणि तो वर गेला.

पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. ऊर्मी, वाणी आणि निधी जमिनीवर बसून बाहुल्या जुन्या मऊ धोतरांच्या तुकड्यांत गुंडाळत होत्या आणि सईबाई एकेक मोजून लोखंडी पेटीत ठेवत होत्या.

“कॅप्टन दे गं,” रविकांत म्हणाला.

“तो पेटीत गेला, बाबा. तळाशी. मत्स्याच्या शेजारी.”

“पेटीत? अगं, पण अडतिसावी लेव्हल...”

“एकेचाळिसावी,” सईबाईंनी दुरुस्ती केली.

“सेट मोडत नाहीत, बाबा,” ऊर्मीने त्याला समजावलं, लहान मुलाला समजावावं तसं. “आणि वरचा अर्धा किल्ला राहिलाय, तो आम्ही तिघी आणि आजी पुढच्या नवरात्रात करणार आहोत. वाणी खालची पायरी सजवणारे. ठरलंय आमचं.”

“पुढच्या नवरात्रात? इथे?”

“मग कुठे?” ऊर्मी म्हणाली, आणि पुढची बाहुली गुंडाळायला घेतली.