दांडा उजवीकडे, होडी डावीकडे

सुवर्णाने आयुष्यात ट्रॅक्टर चालवला होता, मळणीयंत्र चालवलं होतं आणि सरपंच आजारी असताना एकदा ग्रामसभाही चालवली होती; पण होडी चालवायची वेळ येईल, असं तिला त्या दिवशी सकाळी पोहे खाताना वाटलं नव्हतं.

बुलढाण्याकडच्या देऊळघाट गावच्या तिघी मैत्रिणी कोकणात आल्या होत्या. सुवर्णा शेती करणारी, महामाया सरकारी दवाखान्यात नर्स आणि पुष्पांजली शाळेत शिक्षिका. खाडीत होडीतून फिरायची टूम महामायाची.

"घरी आपण हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं पळतो," पुष्पांजली धक्क्यावर अडून बसली. "अन् इथं येवढ्या पाण्यात काऊन जाचं?"

"पाहाले जाचं वं! पिऊन थोडीच संपवाचं हाय?" महामायाने तिला हाताला धरून होडीत ओढलं. पुष्पांजलीने बसल्या बसल्या दोन लाइफ जॅकेट अंगात घातली, एकावर एक.

होडीवाले भिकाजी नाना साठीचे होते. आभाळाकडे ओझरतं बघून ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थेंब नाही."

होडी खाडीच्या मध्यावर आली आणि आभाळाने नानांना खोटं पाडायचं मनावर घेतलं. पश्चिमेकडून काळं झालं, वारा फिरला, लाटा होडीत डोकावायला लागल्या. पुष्पांजलीने डोळे मिटून गजानन महाराजांचा धावा सुरू केला. तेवढ्यात एक झोत असा आला की डोक्यावरची ताडपत्री छत्रीसारखी उलटी झाली, तिचा बांबू सुटला आणि नानांच्या खांद्यावर बसला. नाना कळवळून खालीच बसले. इंजिन मात्र सुरूच होतं.

"खांदा निखळला नानाचा," महामाया त्यांच्याजवळ सरकली. तिने पुष्पांजलीची ओढणी काढून घेतली आणि नानांचा हात गळ्याशी बांधला. "नाना, हात हलवू नका."

"अहो, पण मग होडी कोण चालवणार?"

महामायाने पुष्पांजलीकडे बघितलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. मग तिने सुवर्णाकडे बघितलं.

"माह्याकडं काय पाहतं?" असं म्हणेपर्यंत सुवर्णाने इंजिनाचा दांडा धरलासुद्धा होता. वाऱ्याने होडी काठाकडे ढकलली होती आणि उजव्या अंगाला खारफुटीची दाट झाडी जवळ येत होती. तिने दांडा जोरात डावीकडे दाबला. होडी तितक्याच जोरात उजवीकडे वळली आणि सरळ झाडीत घुसली.

पानांचा पाऊस पडला. एक फांदी आत आली आणि फांदीबरोबर एक भलामोठा खेकडा. तो पुष्पांजलीच्या मांडीवर उतरला. तिने डोळे उघडले.

"विंचू! माय वं, येवढा मोठ्ठा विंचू!"

ती बाकावर उभी राहिली, होडी कलंडली. महामायाने एका हाताने तिला खाली ओढलं आणि दुसऱ्या हाताने त्याच बांबूने झाडाला रेटा दिला. होडी बाहेर निघाली ती गोल गोल फिरायला लागली. एक फेरा, दुसरा, तिसरा.

"उलटं, ताई! उलटं करा!" नाना ओरडले.

"होडी उलटी करू नका!" पुष्पांजली त्यांच्याहून मोठ्याने ओरडली.

"दांडा हो! दांडा उलटा! जायचंय त्याच्या उलट दिशेला दाबा!"

सुवर्णाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कापसाने भरलेली ट्रॉली मागे घेताना चाक असंच उलटं फिरवावं लागतं. अरुंद गल्लीतून ट्रॉली मागे घ्यायची असली की गावातले बाप्ये खाली उतरत आणि सुवर्णाला हाक मारत.

"अवं, मंग ट्रॉली रिव्हर्स घ्याची म्हणा नं, नाना! कवाची पाण्यातच गिरकी घेऊन राह्यली मी!"

तिने दांडा उजवीकडे दाबला. होडी मुकाट डावीकडे वळली.

"लाटेला आडव्या जाऊ नका. तोंड लाटेवर ठेवा!"

"बांधावरून ट्रॅक्टर घालतो तसंच," सुवर्णा म्हणाली. मग मात्र तिला मजाच यायला लागली. लाट आली की ती "चाल बे!" म्हणायची आणि होडी चढून उतरायची. पुष्पांजली प्रत्येक उतरणीला किंचाळत होती, पण चौथ्या-पाचव्या लाटेनंतर त्या किंचाळीत हसू मिसळलं.

होडी धक्क्याला लागली, तेव्हा वारा पडला होता. नानांनी मान वर केली आणि कपाळावर हात मारला. "ताई, हा पलीकडचा किनारा. डॉक्टर त्या बाजूला!"

धक्क्यावर वादळामुळे अडकलेली माणसं उभी होती. होडी दिसताच सगळी धावली. नानांनी यावेळी आभाळाकडे बराच वेळ बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली. महामायाने शिल्लक जॅकेटं मोजली. "तीनच जण या."

"चार," म्हणत पुष्पांजलीने अंगातलं एक जॅकेट काढलं आणि मासळीची पाटी घेतलेल्या म्हातारीच्या हातात दिलं.

होडी निघाली. म्हातारी दांड्याजवळच बसली होती. पोटावर दांडा टेकवून ऐटीत बसलेल्या सुवर्णाकडे ती कौतुकाने बघत राहिली.

"बाईमाणूस इंजिनावर पयल्यांदा बघते मी. खयची गो तू?"

"देऊळघाटची."

म्हातारीने खाडीकाठचे सगळे घाट मनात घोळवून बघितले. "देऊळघाट... म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला का?"

नाना खांदा सांभाळत खुसखुसायला लागले. सुवर्णाने समोरच्या लाटेवरची नजर हलू दिली नाही.

"हाव मावशी," ती म्हणाली. "लयच वरच्या अंगाले."