रिकामी फेरी

गिअरकाका निवृत्त झाले तरी खुर्चीत बसले की त्यांचा डावा हात आपोआप गिअर टाकी. बस चालवत होते तेव्हा त्यांचा एक नेम होता. नवा मार्ग मिळाला की आधी एक फेरी रिकामी मारायची. रस्ता पाहिल्याशिवाय गाडीत माणूस घ्यायचा नाही.

आता लेकीला कॉम्प्युटर शिकायला परदेशी जायचं होतं. दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं आणि उद्यापर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

"एकाचं नाव मोठं, दुसऱ्याचे शिक्षक चांगले," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, बाबा."

"रस्ता बघितल्याशिवाय काय सांगू?"

लेकीची आई गेल्यापासून घरात दोघंच. हीपण गेली की, इथवर येऊन काकांचा विचार थांबत असे.

लेकीनं लॅपटॉपवर दुसऱ्या विद्यापीठाची चित्रं लावून दिली. बाण दाबला की पुढे जायचं. ती बँकेत गेली आणि तेवढ्यात काकांचा जुना कंडक्टर धडपडत आला.

"जिन्यात काळोख आहे हो! दिवा बदला की."

"बदलू रे."

"कुठं निघाली गाडी?"

"परदेशी."

"मला सोडून?" कंडक्टर सवयीनं मागे उभा राहिला. त्यानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि गाडी सुटली.

रस्ता झाडांखालून जात होता. पिवळी पानं पडता पडता हवेत थांबली होती. माणसं एक पाय उचलून उभी होती. कुणाला कसलीच घाई नव्हती. एका बाकावर लेकीच्या आईसारखी शाल पांघरलेली बाई पाठमोरी बसली होती. काकांनी गाडी थांबवली.

"चला की, साहेब."

"थांब. ती वळून बघते का पाहू."

"फोटो आहे तो."

"माहीत आहे मला."

कंडक्टरनं बराच वेळ टकटक केलं नाही.

मग कोपऱ्यात एक हिरवं बटण उगवलं. "हिरवा लागला, काढा!" कंडक्टर ओरडला. काकांनी दाबलं. नाव, मेल, शाळेतले गुण विचारले गेले. "गाडी ज्याच्या ताब्यात, नाव त्याचं," कंडक्टरनं निकाल दिला. पुढे आणखी हिरवी बटणं आली. हिरव्याला थांबणं काकांच्या रक्तात नव्हतं.

अचानक पडद्यावरचं चित्र हलू लागलं. फोन हातात धरून चालणारी त्या विद्यापीठातली एक मुलगी तिथून थेट बोलत होती. खाली चौकटींत नव्या विद्यार्थ्यांचे कोवळे चेहरे होते आणि एका चौकटीत काका.

"उतरायचं कसं रे?"

"चालत्या गाडीतून उतरायचं नसतं."

दार उघडलं. "बाबा! बनियनवर परदेशात काय करताय?"

तेवढ्यात प्रश्न विचारायची काकांची पाळी आली. बाकीच्यांनी प्रयोगशाळांचं विचारलं होतं. "विचार तिला," काका लेकीला म्हणाले, "वर्ग सुटल्यावर खोलीपर्यंत दिवे आहेत का? थांब्यावर एकटीला उभं राहावं लागतं का?"

लेकीनं लाजत इंग्रजीत विचारलं. ती मुलगी हसली. "चला, बघूच," म्हणाली. तिकडे दिवेलागण झाली होती. तिनं सगळा रस्ता चालून एकेक दिवा दाखवला. "हा बंद आहे. उद्या तक्रार करते." मग बस येईपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली. बसच्या ड्रायव्हरनं हात वर केला. इकडे काकांनीही केला.

"हेच," लेक म्हणाली.

"शिक्षक चांगले म्हणून?"

"बंद दिवा लपवला नाही म्हणून."

आठवड्यानं विद्यापीठाचे दोन मेल आले. एक लेकीच्या स्वागताचा. दुसरा काकांना: आपला संगणकशास्त्राचा अर्ज मिळाला, गणित थोडं कमी पडतं, पुढच्या वर्षी जरूर प्रयत्न करावा.

कंडक्टर हसून हसून खाली बसला. "मग काय, साहेब? करताय गणित पक्कं?"

"छे रे. दोघंही गेलो तर ती परत येईल तेव्हा या थांब्यावर कोण उभं राहणार?"

आणि जिन्यातला दिवा बदलायला काका स्टूल शोधू लागले.