समतेचं कुलूप

समता ही फार थोर गोष्ट आहे. ती आणायची कुठून, एवढंच ठरायला वेळ लागतो. आमच्या नकाशा कार्यालयात मात्र ती एका सकाळीच आली. अजून आठवलं की ऊर भरून येतो.

तेव्हा कचेरीत पुरुषांसाठी स्वच्छतागृह होतं, बायकांसाठी नव्हतं. याला कोणी अन्याय म्हणू नये. खात्याने रीतसर पाहणी केली होती आणि शंभर टक्के बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत असं तीत आढळलं होतं. सबब, त्यांना गरज नाही. (का पीत नाहीत, हा प्रश्न पाहणीच्या कक्षेबाहेरचा होता.) अगदीच जिवावर बेतलं तर आम्ही गल्लीच्या टोकाला शिंपीणबाईंच्या घरी जायचो. पण आमच्या टायपिस्टला सातवा महिना लागला आणि तेवढं चालणं तिला झेपेना. नोकरी सोडायची पाळी आली.

नेमका तेव्हाच भेदभाव करू नये असा देशभर कायदा झाला. टायपिस्टने अर्ज दिला. हेडक्लार्कनी (आम्ही त्यांना नियमकाका म्हणायचो) कायदा नीट वाचला. त्यात 'बांधा' असं कुठेच नव्हतं. 'फरक करू नका' एवढंच होतं. बांधकामाला मंजुरी नव्हती, कुलूप मात्र कपाटात पडून होतं. ते त्यांनी पुरुषांच्या दाराला लावलं. भेदभाव संपला.

दुपारपर्यंत समता चांगलीच रुजली. पुरुषांनी चहा नाकारला. लेखापालांनी पायावर पाय घट्ट टाकून बेरजा केल्या, त्या चुकल्या. शेवटी सगळे शिंपीणबाईंच्या दारात. हातातली कात्री खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "पोरींचं ठीक होतं, दादा. तुमची वरात इथे नको." (हा उघड भेदभाव असल्याची नोंद घेण्यात आली.)

साहेबांनी बैठकीत धीर सोडला नाही. निदान तिसऱ्या विषयापर्यंत. मग ते उठले आणि उभ्या उभ्याच सही केली. जी मंजुरी वर्षानुवर्षं वरून यायची होती, ती त्यांच्याच पेनात निघाली.

गवंडी आला, दोन दारं झाली, टायपिस्टची नोकरी टिकली. त्या दिवशी ती तांब्याभर पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "ताई, आपल्या कचेरीतलं पाणी इतकं गोड आहे होय?"

उद्घाटनाच्या भाषणात साहेबांनी पुरुष कर्मचाऱ्यांनी सोसलेल्या त्या एका दिवसाचा उल्लेख केला, तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. आमचेसुद्धा.

आणि वाचकहो, तुमचाही जीव साहेबांच्या बैठकीपाशी आल्यावरच कळवळला ना? आम्ही दुसऱ्या परिच्छेदापासून धरून बसलो होतो.