बटणं उजवीकडे

पेणच्या रामवाडीत दामूकाकांकडे ब्लाउज शिवायला टाकायचा, तर आधी घोड्यावर बसावं लागतं.

"वैनी, बायकांचा कोट आला कुठून? घोड्यावरून." गळ्यातली टेप ओढत काका सुरू होतात. विलायतेतल्या बड्या घरच्या बायका शिकारीला निघायच्या. त्यांचे झगे बायका शिवत, पण घोड्यावरचा कोट मात्र पुरुषांच्या शिंप्यानेच शिवायचा. मग युद्ध येतं, कोटाच्या खांद्यांत भर पडते, बायका कचेऱ्यांत शिरतात. एवढं होईपर्यंत आपण घामाने चिंब. शेवटी ब्लाउजचं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "परवा या." गणपतीत सांगितलेला परवा साधारण होळीला उगवतो.

पेणच्या उकाड्यात कोट घालणार कोण, असले क्षुद्र प्रश्न काकांना पडत नाहीत. दुकानात एक करडा लेडीज कोट कायम हँगरला. एका नवरीने किंमत विचारली, तर म्हणाले, "विकायचा नाय. माप दुसरीचं हाय."

ती दुसरी म्हणजे त्यांची लेक, नंदा. काका मूळचे जेन्ट्स टेलर. रोह्याच्या कंपनीत नंदाची मुलाखत होती, तेव्हा त्यांनी हौसेने तिला कोट शिवला आणि हाताच्या सवयीने बटणं लावली उजवीकडे, पुरुषांसारखी. तिथे दोन पोरी हसल्या. नंदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोरगी हाय, हे तरी ठाऊक हाय ना?"

नोकरी लागली, लग्न होऊन ती रोह्यालाच राहिली. दिवाळीला येते, पण कोटाचा विषय दोघंही काढत नाहीत. तिने तो ठेवला की टाकला, हे विचारायची काकांची छाती होत नाही. त्याऐवजी त्यांनी कोटाचा सगळा इतिहास वाचून काढला, पाटीवर 'लेडीज' रंगवलं आणि हँगरवरचा तो नवा कोट शिवला. बटणं डावीकडे.

माझी नोकरी रोह्याला. गेल्या महिन्यात काकांनी तो कोट माझ्या हाती दिला. "तिला द्या. काय बोलते, तेवढं सांगा." रोह्याच्या गाडीत कासू स्टेशन मागे पडलं तरी मी तो मांडीवर बाळंतिणीच्या बाळासारखा धरून होते. चुरगळला असता, तर माझा ब्लाउज या जन्मी मिळाला नसता.

नंदाने नव्या कोटाच्या बटणांवरून बोट फिरवलं. मग ऑफिसातल्या खुर्चीच्या पाठीवरचा जुना कोट उचलून माझ्याकडे दिला. कोपरं पार विरलेली.

"एसीत रोज हाच घालते. बाबांना रफू करायला सांगा. आणि बटणांना हात लावू नका म्हणावं. आता दुसऱ्या बाजूने लावायला जमत नाय मला."

रविवारी सकाळी मी काकांना कोट दिला आणि निरोप शब्दाशब्दाने सांगितला. त्यांनी बाहीत हात घातला. विरलेल्या कापडातून त्यांचीच बोटं दिसत होती. मी घोड्याची वाट बघत राहिले. घोडा आला नाही.

"बसा वैनी," ते म्हणाले. "घेऊनच जा."

तासाभरात कोट तयार, इस्त्रीसकट.

माझा ब्लाउज परवा.