राखणीवरची मावशी

अनसूयाबाई माने टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या त्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि तेवढ्या काळात त्यांच्या सांगलीतल्या खणभागातल्या दोन खोल्यांत पाहुणा म्हणून कुणी आलं नव्हतं. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी पलटणीत गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रंककॉल जोडून दिले होते. दोन्हीकडून बोलणं सुरू झालं की आपण मधून निघायचं, ही सवय इतकी अंगात मुरली की शेजारणी गप्पांना बसल्या तरी दोन वाक्यांनंतर बाई आपसूक उठून घरात जायच्या.

सकाळचा वेळ मात्र स्थानिक पेपरवर छान जायचा. त्यात जिल्ह्यातल्या लोकांची गाऱ्हाणी असत. इतर लोक ती वाचून नगरपालिकेला नावं ठेवत, अनसूयाबाईंना मात्र त्यात काम दिसे. रॉकेलच्या रांगांबद्दल छापून आलं तेव्हा त्या नोकरदार बायकांच्या वतीनं रांगेत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातातले चार डबे बघून मागच्या लोकांनी असा गलका केला की दुकानदारानं चारही डबे रिकामे परत दिले. नव्या कॉलन्यांत पत्रं भलत्याच घरी पडतात अशी बातमी आली तेव्हा त्यांनी दारावर लावायच्या पाट्या करून द्यायचं ठरवलं. पेंटरनं एका गोरे नावाच्या वकिलांचं ‘घोरे’ केलं आणि तोही धंदा पहिल्याच पाटीवर संपला.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात बातमी आली, ‘विश्रामबाग भागात घरफोड्या, सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी दक्षता घ्यावी.’ अनसूयाबाईंनी ती दोनदा वाचली. घरं रिकामी पडतात म्हणून लोक घाबरले होते, आणि इथं त्या नुसत्या रिकाम्या बसून होत्या. त्याच संध्याकाळी त्या विश्रामबागेत गेल्या आणि दारोदार फिरून सांगू लागल्या की तुम्ही परत येईपर्यंत मी तुमच्या घरात राहीन, दिवे लावीन, रेडिओ मोठ्यानं चालू ठेवीन, दोरीवर कपडे वाळत घालीन. पाच घरांनी दार लावून घेतलं. सहावं घर मानसिंग पवारांचं होतं. एका सहकारी संस्थेत अधिकारी असलेले पवार बायकामुलांना घेऊन दहा दिवस गोव्याला निघाले होते, आणि कुलपावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

“फक्त एक करा,” पवार म्हणाले. “राखणीला बाई ठेवलीय असं कुणाला कळू देऊ नका. चोरांना तेवढंच पुरतं. कुणी विचारलं तर घरचीच आहे म्हणून सांगायचं.”

पहिले दोन दिवस अनसूयाबाई त्या मोठ्या घरात खोल्याखोल्यांतून दिवे लावत हिंडल्या. स्वतःच्या घरी दोन खोल्या शांत असत, इथं पाच होत्या. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती चालली होती, तीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. त्यातून पटकेवाले एक गृहस्थ, त्यांची बायको, वीसेक वर्षांची मुलगी, एक ट्रंक आणि शेंगांचं पोतं उतरलं. गृहस्थ म्हणजे आकाराम पवार, मानसिंगचे आटपाडीचे चुलते. बायको साळूबाई, मुलगी अंजना. अंजनाला बघायला दुसऱ्या दिवशी मिरजेचे पाहुणे याच घरी येणार होते. आकारामांनी तसं कार्ड टाकलं होतं. ते कार्ड पोस्टमननं दुपारी आणून दिलं.

चोर आता पाहुण्यांच्या वेषात येतात, असंही पेपरात आलं होतं. त्यामुळं अनसूयाबाई दार अडवून उभ्या राहिल्या. आकारामांनी त्यांना खालीवर बघितलं आणि विचारलं, “तुमी कोन म्हनायच्या?”

“घरचीच,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“घरची म्हंजी? आमच्याकडली तर न्हवं. शरयूच्या मावशी काय?”

शरयू म्हणजे मानसिंगची बायको. घरचीच म्हणून सांगायचं तर पुढं कुणाची कोण हे पवारांनी सांगितलं नव्हतं. अनसूयाबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आकारामांनी ती हो धरली आणि वाकून नमस्कार केला. साळूबाईंनी त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं आणि त्या चपला काढून आत आल्या.

तो दिवस अनसूयाबाईंनी भांडी मोजण्यात काढला. आकाराम माजघरात गेले की त्या मागोमाग जात. पाहुणे पाणी प्यायले तरी तांब्या जागेवर गेला का बघत. पण दुपारी साळूबाईंनी भाकऱ्या थापल्या आणि अनसूयाबाईंनी वांग्याची भाजी केली. चौघं एका ओळीत जेवायला बसले, आणि चौथी भाकरी वाढताना आपण मोजायचं विसरलोय हे बाईंच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मिरजेचे पाहुणे आले. मुलगा कारखान्यात ओव्हरसियर होता, बाप लय बोलका होता. चहा करायला गेलेल्या अनसूयाबाईंना साखर सापडेना. तीन डबे उघडले तर रवा, मीठ आणि पवारांच्या विजेच्या पावत्या निघाल्या. अंजना मदतीला आत आली. तिचा चेहरा उतरला होता. बाईंनी विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “मावशी, माझं मास्तरकीचं एक वरीस ऱ्हायलंय. आबा म्हणत्यात, लगीन ह्याच म्हैन्यात उरकू. मुलगा चांगला हाय. पर कॉलेज सुटलं की सुटलंच.”

बाहेर बोलणी जुळत आली होती. मुलाच्या बापानं तारीख काढायला पंचांग मागितलं आणि रीत म्हणून घरातल्या शिकलेल्या बाईला विचारलं, “मावशी, तुमचं काय म्हणणं?”

अठ्ठावीस वर्षांत लोकांच्या बोलण्यात बाई कधी मध्ये पडल्या नव्हत्या. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

“तारीख पुढच्या उन्हाळ्यातली बघा,” त्या म्हणाल्या. “पोरीला परीक्षा देऊ द्या. मी सव्विसाव्या वर्षी विधवा झाले तेव्हा चार बुकं शिकलेली होते, म्हणून नोकरी लागली. नाहीतर दुसऱ्याच्या दारात उभी असते.”

आपण आत्ताही दुसऱ्याच्याच दारात आहोत, हे त्यांना वाक्य संपल्यावर आठवलं. मग मुलगाच म्हणाला की वर्षभर थांबायला त्याची हरकत नाही. मुलाच्या बापानं पंचांग मिटलं.

मानसिंग गोव्याहून आले ते सहा दिवसांनी. सगळं ऐकल्यावर ते डोकं धरून बसले. शरयूनं तर सांगितलं की तिच्या आईला बहीण नव्हतीच, म्हणजे तिला मावशी कुठून असणार? पण आकारामांचं पत्र आधीच येऊन पडलं होतं. पोरगी आता शिकून सासरी जाणार, शरयूच्या मावशीनं घराण्याची इज्जत राखली, असं त्यात होतं. राखणीला ठेवलेल्या बाईनं पुतण्याच्या घरात बसून लग्न वर्षभर लांबवलं, हे आता चुलत्यांना सांगणार कोण?

वर्षभर आटपाडीहून कार्डं येत राहिली, प्रत्येकात मावशींना नमस्कार असे. अनसूयाबाई ती बघायला विश्रामबागेत जात. पुढच्या मेमध्ये लग्नपत्रिका आली. सोबतच्या चिठ्ठीत आकारामांनी लिहिलं होतं, मावशी आल्याबिगर अक्षता पडणार नाहीत.

पवार पत्रिका घेऊन खणभागात आले. निवृत्तीनंतरचा अनसूयाबाईंचा तो पहिला पाहुणा. त्यांना खुर्ची देऊन बाई स्वतः ट्रंकेवर बसल्या.

“आता आमची मावशी म्हणून चला,” पवार म्हणाले. “चार दिवसांची राखण जेवढी होते तेवढे पैसे देतो.”

“लग्नाला मी पैसे घेऊन येत नसते,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पण साहेब, तुम्ही सगळे आटपाडीला गेल्यावर घराकडं कोण बघणार?”

पवारांनी याचा विचार केला नव्हता. त्या महिन्यात विश्रामबागेत पुन्हा दोन घरं फुटली होती, आणि या कामाची सांगलीतली एकमेव बाई तर लग्नाला चालली होती. शेवटी शरयू, मुलं आणि मावशी एस.टी.नं आटपाडीला गेली. मानसिंग पवार चार दिवस घरात दिवे लावत, दोरीवर स्वतःचेच सदरे वाळत घालत राहिले.

लग्न चांगलं झालं. अंजना परीक्षा पास झाली होती. निघायच्या दिवशी साळूबाईंनी अनसूयाबाईंना आत नेलं आणि मानाचं पातळ त्यांच्या हातात ठेवलं. बाईंना ते घेववेना. त्या म्हणाल्या की एक गोष्ट वर्षभर सांगायची राहिलीय.

“ऱ्हाऊ द्या,” साळूबाई म्हणाल्या. “शरयूचं लगीन मीच जमवलं हुतं. तिच्या आईला भैन न्हाई, भाऊ न्हाई, सगळं ठावं हाय मला.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“म्हणलं, कोन का असंना. येवढ्या मोठ्या घरात एकलीच दाराशी हुबी हाय. मावशी म्हणलं तर आमचं काय जातंय?”

साळूबाईंनी पातळाची घडी नीट केली आणि वर नारळ ठेवला. “आता पंचमीला आमी समदी चार दिस माह्यारला जानार. घर मोकळं पडतंय. तुमी येताय न्हवं?”

अनसूयाबाईंना वाटलं, राखणीलाच बोलावतायत. त्या सवयीनं म्हणाल्या, “येईन की. दिवे लावीन, रेडिओ ठेवीन.”

“दिवं कशाला?” साळूबाई म्हणाल्या. “कुलूप लावून माह्यारलाच जायाचं आपुन. तुमाला एकलीला इथं ठिवून म्या काय करू?”