महाराजांचा बटाटा आणि सरूबाईचे काटे

मुलांनो, एका जंगलात एक मायक्रोवेव्ह होता.

हसू नका. जंगलात वीज कुठून आली, असंही विचारू नका. सिंह मराठीत बोलतो हे तुम्ही निमूटपणे ऐकून घेता, मग विजेनंच तुमचं काय घोडं मारलंय?

तर जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथून माकडांनी हा मायक्रोवेव्ह पळवला आणि महाराजांना भेट दिला. महाराज म्हणजे अर्थातच सिंह. त्यांनी जन्मात मांसाशिवाय काही खाल्लं नव्हतं. पण खोक्यावर भाजलेल्या बटाट्याचं चित्र होतं. बटाटा मधोमध उकललेला, वर लोण्याचा गोळा, त्यातून वाफ निघतेय. महाराजांनी चित्र पाहिलं आणि त्यांना बटाटा खावासा वाटला. आपल्याला भूक लागली की खावंसं वाटतं. राजांचं तसं नसतं.

"बटाटे आणा," महाराज म्हणाले.

मग सरूबाई साळिंदरीला बोलावणं गेलं.

शेतातले बटाटे उकरून काढण्यात सरूबाईचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. स्वभावानं ती लोण्याहून मऊ. पण पाठीवर हे लांबच लांब काटे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यामुळे व्हायचं काय, की ती पंगतीत बसली की तिच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. वाढणारे लांबूनच वाढायचे. निम्मी भाजी जमिनीवर पडायची. सगळे तिच्याशी गोड बोलायचे, पण जरा ओरडून, कारण ते लांब उभे असायचे.

तिचा नवरा हैबती याला यात काही वावगं वाटत नसे. "बिबट्यासुद्धा आपल्याला वाट देतो, आणखी काय पाहिजे?" असं तो म्हणायचा.

सरूबाईला आणखी पाहिजे होतं. कुणीतरी आपल्या शेजारी बसावं, बोलता बोलता मांडीवर थाप मारावी, कानाशी येऊन कुणाची तरी चहाडी सांगावी, एवढंच. बिबट्यानं वाट देण्यापेक्षा सशिणीनं चहाडी सांगणं तिला जास्त मोलाचं वाटायचं.

असो. सरूबाई टोपलीभर बटाटे घेऊन दरबारात आली. टोपली मागे ठेवून अदबीनं कोपऱ्यात उभी राहिली.

दिवाण तरसोजींनी एक बटाटा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. हे तरसोजी म्हणजे तरस. दार लागलं, आत दिवा लागला, बटाटा गोल गोल फिरू लागला. सगळा दरबार वाकून बघत होता. महाराज सगळ्यांत पुढे.

"शिजतोय," महाराज म्हणाले. मग त्यांनी वास घेण्यासाठी दार उघडलं.

फाट्! बटाटा फुटला. महाराजांच्या आयाळीत बटाटा, मिशांवर बटाटा. महाराज सिंहासनाच्या मागे कधी गेले हे कुणाला दिसलं नाही. तरसोजी मोठ्यानं हसले. मग तो खोकला होता असं त्यांनी सांगितलं.

"हा घातपात आहे!" सिंहासनामागून आवाज आला.

"बटाटा फितूर असावा, महाराज. दुसरा लावतो."

दुसराही फुटला. या वेळी आवाज इतका मोठा झाला की सरूबाई दचकली. तिच्या पाठीवरचे सगळे काटे सर्रकन उभे राहिले आणि मागच्या टोपलीतल्या बटाट्यांत रुतले. बिचारी लाजली. एकेक बटाटा सोडवून तिनं परत टोपलीत टाकला.

तिसरा बटाटा त्यातलाच होता. तो फुटला नाही. गुपचूप फिरला, टिंग वाजलं आणि तो बाहेर आला. तरसोजींनी तो उकलला. आत पांढराशुभ्र, कापसासारखा. वर लोणी, मीठ, चिमूटभर मिरपूड. महाराजांनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"हा का फुटला नाही?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

तरसोजींनी सालीवरची भोकं पाहिली, सरूबाईची पाठ पाहिली. दिवाण उगीच दिवाण होत नाही.

"वाफेला वाट मिळाली, महाराज. बाईंच्या काट्यांची कृपा. बाई, एक काटा राज्यासाठी द्याल?"

काटा उपटताना सरूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण दरबारानं टाळ्या वाजवल्या. आणि मंदा सशीण, जी एरवी हाकेच्या अंतरावरून बोलायची, ती जवळ आली. काटा गेला होता त्या जागेवर तिनं आपला मऊ पंजा ठेवला.

"दुखलं का गं?" ती म्हणाली.

सरूबाईला आजवर असं कुणी हात लावून विचारलं नव्हतं. ती दुखणं विसरली.

घरी आल्यावर तिनं हैबतीला सगळं सांगितलं. हैबती कंद चावत होता. तो चावायचा थांबला.

"अगं, पण बाभळीला काटे नाहीत का? सगळं रान बाभळींनी भरलंय."

दुसऱ्या दिवशी सरूबाईनं हाच प्रश्न तरसोजींना विचारला. तरसोजी हसले. या वेळी खरंच हसले.

"बाई, बाभळीचा काटा ज्याचा त्याला तोडावा लागतो. शिवाय तोडताना हाताला टोचतो. तुमचं तसं नाही. तुम्ही मनानं मोठ्या आहात."

सरूबाईला ते पटलं. मनानं मोठं आहोत हे कुणाला पटत नाही?

मग जंगलात बटाट्याचं वेडच आलं. ज्याला त्याला मायक्रोवेव्हमधला बटाटा पाहिजे. आणि ज्याला बटाटा पाहिजे त्याला काटा पाहिजे. महाराजांच्या बटाट्याला टोचलेला काटा पुन्हा चालत नसे, तो नवाच लागायचा. अस्वलाला दात कोरायला काटा पाहिजे होता, तोही बटाट्याच्या नावावर घेऊन गेला. मोराच्या बायकोनं अंबाड्यात खोचायला नेला. माकडं तर एकमेकांना टोचायलाच न्यायची.

प्रत्येक काट्यामागं सरूबाईच्या अंगावरची मोकळी जागा वाढत गेली. आणि जेवढी जागा मोकळी होई, तेवढी माणसं जवळ येत. माणसं म्हणजे जनावरं, पण तुम्हाला कळलंच असेल. संध्याकाळी झऱ्याकाठी बायका जमायच्या तेव्हा मंदा तिला खेटून बसायची. कानाशी येऊन मोराच्या बायकोबद्दल सांगायची. सरूबाई हसून हसून लोळायची. लोळणंही तिला पूर्वी जमत नव्हतं.

गंमत म्हणजे तिला स्वतःला बटाटा कच्चाच आवडायचा. भाजलेला तिनं एकदा चाखला आणि हळूच झुडपात टाकून दिला.

"सरू, पुरे आता," हैबती म्हणायचा. "तुझी पाठ बघवत नाही."

"तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही जळता."

"मला विचारायला आलं होतं ते तरस. मी नुसता पाठ वळवून उभा राहिलो. गेलं."

"तेच म्हणते मी. हेकट आहात तुम्ही. सगळं जंगल म्हणतं."

"म्हणू दे की. लांबून म्हणतं ना?" हैबती म्हणाला आणि परत कंद चावू लागला.

शेवटचा काटा महाराजांच्या वाढदिवसाच्या बटाट्याला गेला. त्याच समारंभात सरूबाईचा सत्कारही उरकून घ्यायचं ठरलं. तरसोजींनी भाषण केलं. "त्याग म्हणजे काय, हे सरूबाईंकडून शिकावं. त्यांनी स्वतःसाठी काही म्हणता काही ठेवलं नाही." मग महाराजांच्या हस्ते सरूबाईच्या अंगावर शाल घातली. उघडी पाठ तशी बरी दिसत नव्हती, ती झाकली गेली. नारळ दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता तो पहिल्या रांगेत बसलेला बिबट्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तोंडातही होतं.

कार्यक्रम संपला. जे ते आपापला बटाटा घेऊन पांगले. सरूबाई शाल सावरत, नारळ कवटाळत एकटीच घराकडे निघाली. आपल्याला पोचवायला कुणी आलं नाही, हे तिला जरा खटकलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, एकट्याच? मी येतो ना घरापर्यंत."

बिबट्या होता.

"कशाला तसदी, बिबटेसाहेब," सरूबाई म्हणाली. सवयीनं तिनं पाठ वळवली आणि काटे फुलवायला अंग ताणलं. शाल जराशी हलली.

"वा," बिबट्या म्हणाला. "किती वर्षं तुम्हाला लांबून बघतोय. आज सगळं जुळून आलं. तेवढी शाल काढता का? लोकर दातांत अडकते."

सरूबाईच्या हातून नारळ निसटला. तो उतारावरून गडगडत गेला. बिबट्याची नजर क्षणभर नारळाकडे वळली, तेवढ्यात ती पळत सुटली. साळिंदर ती, पळून पळून किती पळणार? बिळाचं तोंड समोर दिसत होतं आणि बिबट्याचा श्वास मानेला लागत होता. त्यानं झेप घेतली. शाल त्याच्या पंजात आली. सरूबाई कोलमडत पुढे गेली.

"अहो!" एवढंच ती ओरडली.

हैबती बिळातून बाहेर आला. पण तोंड पुढे करून नाही. तो आला तो मागं मागं सरकत, सगळे काटे फुलवून. बिबट्याला थांबता आलं नाही. पुढचं काय सांगू? मुलांसमोर सगळं सांगायचं नसतं. बिबट्याच्या किंकाळीनं झाडावरची माकडं खाली पडली, एवढंच समजा.

आता तुम्हाला वाटेल की दरबारानं बिबट्याला शिक्षा केली. छे! बिबट्या सुजलेलं नाक घेऊन दरबारात गेला आणि त्यानंच फिर्याद केली. एका सत्कारमूर्तीला सौजन्यानं घरी सोडायला गेलो असता तिच्या नवऱ्यानं हल्ला केला, असं त्याचं म्हणणं. महाराजांनी मान हलवली. हैबतीचे सगळे काटे काढून सरकारजमा करावेत, असा हुकूम निघाला. म्हणजे बटाट्यांचीही सोय झाली असती.

फक्त हा हुकूम बजावायला कोण जाणार, एवढाच प्रश्न उरला. तरसोजींनी बिबट्याकडे पाहिलं. बिबट्यानं आपलं नाक चाचपलं आणि तो छताकडे बघू लागला. दरबाराला छत नव्हतं. हुकूम तसाच राहिला.

इकडे सरूबाई बिळात पडून होती. तिला ताप भरला, हुडहुडी भरली. हैबती तिच्यापासून जपून, अंग चोरून बसायचा. आपला काटा तिच्या उघड्या पाठीला लागू नये म्हणून रात्र रात्र कूस बदलायचा नाही. तिला कंद सोलून द्यायचा. "मी सांगत होतो" हे वाक्य तो एकदाही बोलला नाही. मुलांनो, या गोष्टीतला खरा चमत्कार हाच, मायक्रोवेव्ह नव्हे.

एकदा बिळाच्या तोंडाशी मंदा सशीण आली. सरूबाई आनंदानं उठून बसली.

"अगं सरू, कशी आहेस? दोन-चार काटे आले का गं परत?"

"नाही अजून."

"अगबाई! बरं, मग येते मी," मंदा म्हणाली आणि गेलीसुद्धा.

सरूबाई बराच वेळ बिळाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी तिला जेवढं दुखलं, तेवढं एकही काटा उपटताना दुखलं नव्हतं.

काट्यांचं एक बरं असतं. ते परत उगवतात. आधी खुंट आले, मग खाज सुटली, मग हळूहळू सगळी पाठ भरली. नवे काटे जुन्यांपेक्षा जाड होते आणि टोकाला जरा जास्तच अणकुचीदार.

दरबारात तोवर बटाट्यांचे बार उडतच होते. महाराज आता मायक्रोवेव्ह सुरू झाला की आधीच सिंहासनामागे जाऊन बसायचे. शेवटी सरूबाई परत हिंडू-फिरू लागल्याची बातमी आली आणि तरसोजी लगबगीनं बिळापाशी हजर झाले. हातात बटाटा होता.

"बाई, बाई! किती छान दिसता! महाराज नुसते तुमच्या नावाचा जप करताहेत. एकच काटा द्या. तुम्ही मनानं..."

"मोठी आहे, ठाऊक आहे मला," सरूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "या ना, घ्या की. पुढून कसा मिळेल? असे मागच्या बाजूला या. अजून जवळ. लाजू नका."

तिनं पाठ वळवली आणि एक पाऊल मागं टाकलं.

तरसोजी दरबारात पोचले तेव्हा त्यांच्या नाकात मधोमध एक लांबलचक काटा होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

"आणलात वाटतं!" महाराज खूश होऊन म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं तो उपटला. तरसोजी ओरडले, पण ती आरोळी आनंदाची आहे असं धरून चालण्यात आलं. काटा बटाट्याला टोचला. बटाटा झकास भाजला गेला. महाराजांनी लोणी लावून खाल्ला, मिशा पुसल्या.

"उद्याचा काटा कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

तरसोजी नाक धरून बसले होते. बिबट्या नव्हताच. अस्वलाला एकदम मध काढायची आठवण झाली. मोराच्या बायकोनं पिसारा नवऱ्याला असतो, आपल्याला नसतो, असं काहीतरी असंबद्ध सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राजवैद्य घुबडांनी बटाटा वातूळ असल्याचं जाहीर केलं. महाराज पुन्हा मांस खाऊ लागले. मायक्रोवेव्हमध्ये एका चिमणीनं घरटं केलं. तिला दार उघडं ठेवायची सवय आहे, त्यामुळे काही धोका नाही.

तात्पर्य: नेहमी दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, असं आपल्याला जो सांगत असतो, तो बहुतेक वेळा तो दुसराच असतो.