सबनीसांचे मूग

टांझानियाच्या जंगलात मी एका सज्जन माणसाच्या कॅमेऱ्याचा आधार शिजवला, त्याला हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि चौदा जणांना वाढला. त्या माणसालाही वाढला. त्याने दोनदा मागून घेतला.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तरुण होते, चौसष्टची. अक्कल वयाच्या जरा मागे राहिली होती आणि जीभ बरीच पुढे गेली होती. आता नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आज्जी, दॅट्स सो एम्बॅरॅसिंग." मी म्हणते, "हो ना गं," आणि खरंच माझे कान गरम होतात.

तो सज्जन माणूस म्हणजे अरविंद सबनीस. ट्रुगानिना या उपनगरात आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मनीषा पर्थला. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालच्या जंतूंचे फोटो काढले आणि रिटायर झाल्यावर एकदम सिंहावर गेले. मी विचारलं होतं, मधलं काही बघायचं होतंत, मांजर वगैरे. ते गंभीरपणे म्हणाले, "मांजराला आपण आवडावं असं वाटत असतं, कुमुदताई. त्याचा फोटो खरा येत नाही."

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच मत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे जण पोट आत घेऊन उभे राहायचे आणि सबनीस खांबाआडून सांगायचे, "आरती चालू ठेवा. मी नाहीये असं समजा." मग कुणाचा तरी जांभई देतानाचा फोटो निघायचा. तो त्यांना फार आवडायचा.

कुठल्याही ट्रिपचे फोटो ते तीनच दाखवत. बाकीची मंडळी बालीहून येऊन चारशे दाखवतात. दर फोटोआधी स्वतःशी पुटपुटत, "श्वास सोडा आणि थांबा." आणि त्यांचं ते जॅकेट. खाकी, बावीस खिशांचं. दुकानात, लग्नात, डॉक्टरकडे, सगळीकडे तेच. हात कायम खिशात. मी त्यांची नक्कल करायचे. दोन्ही हात खिशात घालून, मान पुढे काढून चालायचे आणि दुधाच्या बाटल्यांकडे बिबट्या असल्यासारखं बघायचे. लोक पोट धरून हसत. सबनीसही हसत. त्यांचे हात मात्र खिशातच असत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ती सफारी मंडळातल्या चौदा जणांची. सबनीसांची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा बिबट्याने त्यांना नुसती शेपटी दाखवली होती. "या वेळी मिळाला तर मिळाला," ते म्हणाले, "ही शेवटची." आम्हाला वाटलं, नाटक करतायत.

निघायच्या आधी त्यांनी व्हॉट्सॲपवर नियम पाठवले. निळे कपडे नकोत, माश्या चावतात. पावडर नको, सेंट नको. खोकायचं असेल तर इंजिन चालू असताना खोकून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्या कुरकुरण्याने जनावर उठतं. म्हणून आमचा चिवडा, चकल्या, तांदूळ, मेतकूट, सगळं कापडी पिशव्यांमध्ये भरून आलं. जीपच्या मागच्या भागात या पिशव्यांचा ढीग होता.

आता माझी बाजू मांडते, जेवढी आहे तेवढी. पाच दिवस उकडलेले बटाटे आणि कोबी खाऊन सगळे रडकुंडीला आले होते. सहाव्या दिवशी दुपारी कॅम्पवर सगळे आडवे झाले. मी आचाऱ्याकडून चूल मिळवली आणि तांदळासाठी जीपमधला ढीग उपसला. त्यात एक जाड, ठेंगणी, घट्ट शिवलेली पिशवी लागली. उसवून बघितलं तर आत हिरवेगार मूग, चांगले तीन-चार किलो.

कुणी मूग पिशवीत घालून शिवून का टाकेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो एवढाच, की गोडा मसाला कुठल्या बॅगेत आहे.

उसळ अप्रतिम झाली. आमच्यातल्या जोशीवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सबनीस म्हणाले, "वा. मूग कुठे मिळाले?"

"मिळवले," मी म्हणाले.

उरलेले मूग मी मोठ्या मनाने आचाऱ्याला देऊन टाकले. पिशवी मळली होती, तीही धुऊन टाकली.

चारला आम्ही पुन्हा निघालो. तासाभराने ड्रायव्हरने जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं. बाभळीच्या आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता. ऊन थेट त्याच्या अंगावर. सबनीसांनी ती भली मोठी लेन्स काढली, मागे हात घातला आणि त्यांच्या हाताला ओल्या फडक्यासारखं काहीतरी लागलं.

"यात मूग होते," ते कुजबुजले. "येताना अरुशा गावच्या बाजारातून भरून घेतले होते. यावर लेन्स टेकवायची असते."

माझ्या तोंडाला अजून गोड्या मसाल्याची चव होती.

"धुतलीत?"

"मळली होती हो," मी म्हणाले. याहून मूर्ख वाक्य मी जन्मात बोललेले नाही, आणि मी खूप बोललेले आहे.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बिबट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुमुदताई, इथे पुढे उभ्या राहा. पाठ माझ्याकडे. श्वास सोडा आणि थांबा."

लेन्स माझ्या खांद्यावर आली. मी श्वास सोडला आणि थांबले. शाळेत बाईंनी बाकावर उभं केलं होतं तेव्हाही मी इतकी स्थिर नव्हते. आणि मग मला ते जाणवलं. खांद्याच्या हाडात काहीतरी थरथरत होतं. आधी वाटलं, माझंच काळीज. मग वाटलं, जीप. पण इंजिन बंद होतं. त्यांचा हात थरथरत होता. थंडीचा किंवा भीतीचा थरकाप नव्हता तो. न थांबणारा, बारीक, मुरलेला कंप होता. म्हणजे मी ज्याची नक्कल करत होते ते खिशातले हात हे होते. म्हणून ती पिशवी होती, म्हणून ही खेप शेवटची होती.

बिबट्याने मान वळवून सरळ आमच्याकडे बघितलं. कॅमेरा खटखटला, किती वेळा कोण जाणे. मग तो फांदीवरून उतरला आणि गवतात नाहीसा झाला.

सबनीस पाठमोरे होऊन स्क्रीन बघत राहिले. फोटो पुढेमागे केले, परत बघितले.

"मिळाला?" जोशीवहिनींनी विचारलं.

"नाही. सगळे हलले." मग खाली बघत म्हणाले, "कुमुदताई हलल्या."

फोटोबद्दल हा माणूस कधी खोटं बोलत नसे.

"कुमुद, आधी मूग खाल्लेस, आणि आता एक मिनिट उभं राहवलं नाही तुला?" जोशीवहिनी म्हणाल्या. सगळ्या जीपने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं.

"हलले बाई," मी म्हणाले. "मानेवर माशी बसली होती."

सबनीसांनी वर बघितलं आणि कॅमेरा बंद करून हात खिशात घातले.

परत आल्यावर मंडळात ही गोष्ट महिनाभर चालली. मी कुठेही गेले की कुणीतरी म्हणायचं, "हलू नका हं कुमुदताई." मी हसायचे. नक्कल करणं मात्र बंद केलं. लोकांनी आग्रह केला तर गुडघे दुखतात म्हणून सांगायचे. रोज ठरवायचे, आज त्यांच्याकडे जाऊन माफी मागू, आणि रोज त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत फिरायचे. नक्की कशाची माफी मागायची, तेच ठरेना. मुगाची सोपी होती.

हे सगळं त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिहा," म्हणाले, "फक्त मला बिचारा करू नका." तेव्हा तसं काही करत नाही. शेवटी माझ्याआधी त्यांनीच फोन केला. गुरुवार होता, सकाळी साडेदहा. मी घाईघाईने मुगाबद्दल बोलायला लागले तर त्यांनी मला थांबवलं, आणि जे बोलले ते मी जसंच्या तसं देते:

"मूग राहू दे, कुमुदताई. तुम्ही हलला नव्हतात. शनिवारी मनीषा येतेय पर्थहून. दोन वर्षं मी तिला व्हिडिओ कॉल करू दिलेला नाही. नेट खराब आहे म्हणून सांगतो. या वेळी तिला हात दाखवायचेत, पण समोर आली की मला ते जमणार नाही. तुम्ही याल का? बोलायचं काही नाही. बोलेन मी. तुम्ही शेजारी बसा."